आमच्या टाकीजात टांगेवाला घरी आला

खेळ सुटला की मी जनान्यातल्या, म्हणजे बायांच्या बाजूच्या, बाकांखाली झाडू घालायची. काय काय निघायचं! बांगड्यांच्या काचा, केसातल्या पिना, लेकराची कुंची, शेंगांची टरफलं. एकदा तर अख्खी कवळी निघाली! तिची मालकीण चार दिवसांनी आली. तोवर कशानं जेवली, कुणास ठाऊक! किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण झाडायला बसलं की ढीग निघतो. मला अक्षर येत नाही. मी बोलते, लिहिणारी लिहिते. तिला बजावलंय, माझ्या बोलण्याला इस्त्री मारू नको.

तर ऐका. एक होतं शहर. त्याला म्हणे बावन्न दरवाजे. मी काही मोजले नाहीत, पण त्रेपन्नावा माझ्या ताब्यात होता! कापडाचा होता, आमच्या टाकीजच्या जनान्याचा. त्या टाकीजात चार माणसं नांदत होती. वर मशीनच्या खोलीत इब्राहिम उस्ताद, तिकिटाच्या खिडकीत नाना, बाहेर शिडीवर बाबू पेंटर, आणि पडद्यापाशी मी, सुभद्रा. सगळे मला मावशी म्हणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे नानासुद्धा! आणि पाचवी माझी लेक कमल. तिची झोळी जनान्यातल्या मागच्या बाकाला बांधलेली असायची.

मी मूळची पाचोडची. लग्न होऊन इथं आले. नवरा टांगा चालवायचा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, लोक पुन्हा निवांत सिनेमाला येऊ लागले, तेव्हा टाकीजच्या मालकानं ह्यांचा टांगा जाहिरातीला लावला. दोन्ही अंगांना बोर्ड, मागं ढोल, आणि ह्यांचा आवाज गुलमंडीत सुटला की शहागंजपर्यंत जायचा. मग एका तापात ते गेले. कमल तेव्हा पाळण्यात.

मालक दहाव्याला आले. म्हणाले, "सुभद्राबाई, जनान्याच्या दाराला बाईमाणूस पाहिजे. येता का?"

मी म्हटलं, "मालक, मला वाचता येत नाय."

"पडदा ओढायला कुठं वाचावं लागतं?"

आजही सांजेला दिवा लावताना त्या माणसाची आठवण काढते मी. गुलाबी तिकीट जनान्याचं, एवढंच शिकले आणि तेवढ्यावर आयुष्य निभावलं. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ज्या दरवाजानं भाकर दिली, त्याच दरवाजापायी पुढं माझ्या कमलचं लग्न अडलं. किस्से हसायचे आहेत, पण त्यांच्या तळाशी हा घोर होता, हे ध्यानात ठेवा.

*

तेव्हा एक नट होता. त्याचं नाव सांगत नाही. लपवायचं म्हणून नव्हे, जनान्यातच त्याचं नाव कुणी घेत नसे. नवऱ्याचं घेत नाहीत ना, तसं! "मावशी, त्यांचा लागलाय व्हय?" "ह्या खेपेला ते मरतात का वो?" असं चालायचं.

एक गुलमंडीची वहिनी तर त्याचा विषय निघाला की पदर तोंडात धरायची. तिचा नवरा एकदा दारातच चिडला, "माझं नाव घेताना कधी एवढी लाजली नाहीस!"

ती म्हणाली, "तुमचं कधी घेतलंय मी?"

ह्या नटाची चार कामं लई गाजली. डाकू, बॅरिस्टर, आंधळा गवई आणि टांगेवाला. ह्यातलं कोणतं भारी, ह्यावर आमच्या टाकीजात जेवढी भांडणं झाली तेवढी भावकीत बांधावरून होत नसतील! दुपारच्या खेळाआधी जिन्याखाली चहा यायचा, आणि चहासोबत भांडण.

नाना बॅरिस्टरचे. त्यांची स्वतःची वकिलीची परीक्षा राहून गेली होती, म्हणून असेल. "काय तो कोट! काय ते बोलणं! एका दमात न्यायाधीशाला गार केलं!"

बाबू पेंटर डाकूचा. "नाना, तुमच्या बॅरिस्टरला मिशीच नाय. पेंटरनं काढायचं काय, टाय? डाकूची मिशी काढताना ब्रश कसा घोड्यावाणी सुटतो!"

उस्ताद गवयाचे. "मैं सच बोलूं? गवय्ये का पिच्चर सव्वासौ बार चलाया, एक बार बी पट्टी नै तुटी. इसकू बोलते काम!"

टांगेवाल्याचं नाव निघालं की मात्र उस्ताद कप खाली ठेवून वर निघून जायचे. का, ते येईलच पुढं.

मग बाकीचे माझ्याकडं बघायचे. "मावशी, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? मी त्या माणसाला कधी धड पाहिलंच नव्हतं! माझं काम बत्ती घेऊन जनान्याकडं तोंड करून उभं राहायचं. सिनेमाचा पडदा कायम पाठीला. मी बघायची ती बायांची तोंडं. डाकू आला की बायांचे डोळे मोठे व्हायचे. बॅरिस्टरला जांभया यायच्या, पण तोंडावर हात ठेवून, अदबीनं. गवयाला पदर ओले. आणि टांगेवाला आला की तान्ही लेकरं दूध प्यायची थांबायची, कारण आयांनी श्वास धरलेला!

"म्हणजे तुमचं मत टांगेवाल्याला," नाना म्हणायचे.

"माझं नाय. लेकरांचं."

*

बॅरिस्टरचा पिक्चर दुसऱ्यांदा लागला, तेव्हाची गोष्ट. बाबूनं बोर्ड रंगवला. सकाळी नाना आले, मान वर केली आणि तिथंच थांबले. बॅरिस्टरला ही एवढी मिशी! थेट कानापर्यंत!

"बाबू! हा बॅरिस्टर आहे!"

"म्हंजी मिशी ठेवायला बंदी हाय का?"

नानांनी खिडकीची फळी लावून घेतली. "ही मिशी खाली येईपर्यंत मी एक तिकीट देणार नाही!" बाहेर रांग लागली. खेडोपाड्यांतनं माणसं आलेली, डाकूचा नवा पिक्चर आला म्हणून. पार पैठण रस्त्यापर्यंत बोभाटा झालेला! मालक आले. त्यांनी बोर्ड बघितला, रांग बघितली आणि नानांच्या फळीवर टकटक केली.

"नाना, कोर्टाचा निकाल मिशीच्या बाजूनं लागलाय. उघडा."

माणसं आत गेली. अडीच तास मिशीची वाट बघितली. बाहेर येताना एक म्हातारा बाबूला म्हणाला, "पोरा, पिक्चर बरा होता. पण डाकू फार शिकून बिघडला रे!"

नाना त्यानंतर आठ दिवस बाबूच्या हातचा चहा प्याले नाहीत.

*

गवयाच्या पिक्चरला रोज एक आजी यायची. नऊवारी, हातात काठी, कपाळाला मोठं कुंकू. त्या पिक्चरमध्ये आंधळा गवई चाचपडत विहिरीकडं निघतो. कठडा नसलेली विहीर. पहिल्या दिवशी आजी बाकावर उभी राहिली आणि ओरडली, "अरे डावीकडं! डाव्या हाताला वळ, मुडद्या!"

आणि तो वळला की डावीकडं! सगळा जनाना तिच्याकडं बघायला लागला. बुरख्यातल्या दोघीतिघींनी तर तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी आजी हजर. तिसऱ्या दिवशीही. रोज तेवढ्यापुरती उठायची, ओरडायची, तो वळला की काठी घेऊन घरी जायची. मी म्हटलं, "आजी, गाणी तरी बघून जावा!"

"गाण्याला मी कशाला पाहिजे? गाणं त्याला येतंय!"

पिक्चर उतरला त्या दिवशी आजी खिन्न बसलेली. मी जवळ गेले. ती म्हणाली, "सुभद्रे, आता पिक्चरची पेटी कोणत्या गावाला चालली?"

"सोयगावाकडं, तंबूत, म्हणत होते."

"तिथं सांगणारं कुणी हाय का त्याला?"

*

आता टांगेवाल्याचं सांगते.

त्या वेळी एकच पेटी दोन टाकीजात चालायची. दुसऱ्या टाकीजचा खेळ आमच्या आधी सुरू व्हायचा. त्यांचं एकेक रीळ संपलं की महादू सायकलवरून ते आमच्याकडं आणायचा. उस्ताद ते मशीनला चढवायचे. गावाला पत्ताही लागायचा नाही.

त्या पिक्चरचा शेवट असा. नदीला पूर आलेला. टांगेवाला दुसऱ्याच्या लेकराला काढायला पाण्यात टांगा घालतो. लेकरू काठाला लागतं, टांगा वाहून जातो. मग शेवटचं रीळ. त्याची बायको दारात बसलेली, आणि घोडा एकटाच घरी येतो. संपलं.

एका दुपारी पुराचं रीळ संपलं आणि महादूचा पत्ता नाही! सायकलची साखळी सिटी चौकात तुटलेली. पडदा पांढरा पडला. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या सुरू झाल्या, खुर्च्या आपटायला लागल्या. वर उस्ताद घामाघूम. टेबलावर पाचवं रीळ पडलेलं होतं, आधीच दाखवून झालेलं. त्यांनी डोळे मिटले आणि तेच चढवलं.

पाचव्या रिळात काय होतं? टांगेवाला रानात वाट चुकून, पावसात भिजून, दोन दिवसांनी घरी येतो. बायको कंदील घेऊन धावते!

आता तुम्हीच बघा. आत्ता पुरात गेलेला माणूस, अंगावर तेच कपडे, ओलाचिंब, दारात उभा! मघाशी हेच बघितलं होतं, हे तेव्हा कुणाला आठवतंय! सगळं टाकीज उठून उभं राहिलं. पागोटी उडाली. जनान्यात ओळख ना पाळख, बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि माझी कमल, चार वर्षांची, मागच्या बाकावर चढून टाळ्या पिटत होती, "आला! आये, टांगा आला! घरी आला!"

त्या दिवशी तेवढी मी पाठ वळवली आणि पडद्याकडं तोंड करून बघितलं. कंदिलाच्या उजेडात तो टांग्यावरनं उतरत होता. मला पुढचं दिसेना, डोळ्यांत पाणी.

महादू शेवटचं रीळ घेऊन पोचला तेव्हा टाकीज रिकामं झालं होतं. लोक इतके खुशीत गेले की पुरुषांच्या बाजूला एकजण पायताणाची जोडीच विसरला! नानांनी ती खिडकीत जपून ठेवली. मालकाला कळलं असतं तर उस्तादांची रोजी गेली असती, म्हणून आम्ही चौघांनी तोंडाला कुलूप लावलं.

मी वर गेले. उस्ताद डोकं धरून बसलेले. "मावशी, तीस बरस में एकच गलती. पिच्चर का खून कर दिया मैं!"

मी म्हटलं, "उस्ताद, उद्याबी असंच लावा."

"तौबा! तौबा!" म्हणाले, पण रडता रडता हसले.

नंतरच्या खेळाला घोडा एकटाच आला. कमलला मी त्या पिक्चरला पुन्हा आत बसू दिलं नाही.

*

कमल सोळाची झाली. दिसायला नीट, हाताला चव, रात्रशाळेतनं सातवी शिकलेली. स्थळं यायला लागली आणि जायला लागली.

पहिलं माझ्याच माहेरचं, पाचोडचं. बाजाराच्या दिवशी मुलाचा चुलता भेटला आणि पानाची पिंक टाकून म्हणाला, "सुभद्रा, तुझं सगळं खरं. पण टाकीजवालीची पोर म्हणलं की भावकी हसती."

दुसरं चितेगावचं. पोरगी पसंत पडली, पाट मांडायची बोलणी झाली. मग मुलाच्या आत्याला कुणीतरी सांगितलं. तिनं निरोप धाडला, "पोरगी अंधारात वाढलेली हाय. आम्हाला उजेडातली पाहिजे."

त्या रात्री कमल जेवली नाही. मी पहिल्यांदा म्हटलं, सोडते नोकरी. तर तीच म्हणाली, "आये, त्या अंधारात मला तीन मामा भेटले. उजेडात कोण भेटलंय?"

तिसऱ्या वेळी नानांनी अक्कल लढवली. "आपण सांगू, मुलीची आई एका मोठ्या संस्थेत प्रवेशद्वाराची जबाबदारी सांभाळते."

बाबू म्हणाला, "आन मामा एका मोठ्या चित्रकलेच्या खात्यात!"

मी म्हटलं, "खोटं बोलून दिलेली पोर रोज खोटं निस्तरत बसंल. नको." ते स्थळही गेलं.

*

ह्या सगळ्याचा नानांना फार राग आला होता. तो त्यांनी भलत्याच ठिकाणी काढला. म्हणाले, आता ह्या नटाचा एकदाचा निकाल लावू, डोक्याला निदान तेवढी तरी शांतता! जिन्यापाशी त्यांनी चार डबे मांडले. बाबूनं प्रत्येकावर एकेक चित्र काढलं. डाकू, बॅरिस्टर, गवई, टांगेवाला. खेळ सुटला की ज्यानं त्यानं आपलं अर्धं तिकीट आवडत्या डब्यात टाकायचं.

आठ दिवसांनी डबे उघडले. पुरुषांची तिकिटं मोजता आली. पण गुलाबी तिकिटं बघून नाना डोकं धरून बसले. एकही अख्खं अर्धं नाही! बायांनी तिकिटाचे चार तुकडे करून एकेक तुकडा चारी डब्यांत टाकलेला!

नानांनी गुलमंडीच्या वहिनीला गाठलं. "वहिनी, मत एकाला द्यायचं असतं!"

ती म्हणाली, "नाना, चार लेकरांत डावं-उजवं कसं करावं? तुम्ही कराल, पुरुष हायसा!"

*

आणि मग सोयगावचं स्थळ आलं. मुलगा दत्ता, एसटीत कंडक्टर. वडील रंगनाथराव, घरची थोडी शेती. आई पार्वतीबाई. मुलाला पोरगी पसंत होती, बसमध्ये त्यानं कमलला पाहिलेलं. पण बघायचा रिवाज करायला पाहिजेच.

माझ्या खोलीत मुलीकडची माणसं म्हणून कोण? नाना, बाबू आणि उस्ताद! मी तिघांनाही दम भरला होता. "माझं काम काय, ते विचारलं तर मीच सांगणार. पण तुम्ही सिनेमाचा स काढायचा नाय. डाकू नाय, बॅरिस्टर नाय, काय नाय. शेतीवाडीचं बोला."

पाहुणे बसले. मुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला.  बाबूनं घसा साफ केला आणि रंगनाथरावांना विचारलं, "मंग... यंदा ज्वारीचा रंग कसा हाय?"

"रंग?"

"म्हंजी पिवळा जास्ती का पांढरा?"

नानांनी त्याला कोपरानं ढोसलं. रंगनाथराव मिशीत हसले. मग माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही काय करता?"

 कमल हातात ताट घेऊन आतल्या दारात थांबली. मी म्हटलं, "टाकीजात जनान्याच्या दारावर असते. अठरा वर्षं झाली. पोरगी तिथंच वाढली. काय म्हणायचं ते आत्ताच म्हणा."

"कोणत्या टाकीजात?"

मी सांगितलं. ते गृहस्थ पाटावरनं अर्धे उठले! "तिथं? आहो, तिथं तर माझा संसार परत मिळाला!"

आणि सांगायला लागले. चौदा वर्षांमागं पार्वतीबाई इथल्या सरकारी दवाखान्यात होत्या. बाळंतपण अडलेलं. बाळ गेलं, बाई शुद्धीवर नाही. "डॉक्टर म्हणले, बाहेर थांबा. मी चालत सुटलो. टाकीज दिसलं. सिनेमा बघायला नाय गेलो वो. दिवसाढवळ्या पुरुषमाणसानं रडावं कुठं? अंधार पाहिजे होता. तिकीट काढलं आन बसलो रडत. पडद्यावर पूर आला, टांगा वाहून गेला. मी म्हणलं, संपलं, आपलंबी संपलं. आन तेवढ्यात त्यो घरी आला! ओलाचिंब! मी पायताण तिथंच टाकून दवाखान्याकडं पळालो. ही डोळे उघडून बघत होती. मला म्हणती, कुठं गेलतावं? च्या सांगा!"

 तेवढ्यात नाना पुटपुटले, "टाचेला तीन खिळे होते का?"

"व्हय! तुम्हाला कसं ठावं?"

"सहा महिने वाट बघितली हो. मग दोन वर्षं मीच वापरली."

रंगनाथराव मोठ्यानं हसले. मग गंभीर झाले आणि कमलला समोर बसायला सांगितलं. "पोरी, स्वयंपाकाचं काय विचारत नाय. पण तू टाकीजात वाढलेली, म्हणून तुलाच विचारतो. लोक डाकू म्हणतात, गवई म्हणतात. त्या नटाचं मोठं काम कोणतं?"

आमच्या चौघांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या मुलखाला ठाऊक, टांगेवाला मरतो. एवढ्याच एका माणसाला ठाऊक नव्हतं! कमलनं खरं सांगावं, तर चौदा वर्षं जपलेलं मोडणार. खोटं सांगावं, तर संसाराचा पाया खोट्यावर, आणि मीच तिला तसं नको म्हणून वाढवलेलं. 

कमलनं मान वर केली.

"टांगेवाला. त्या खेळाला मी होते, मामंजी. मागच्या बाकावर. लोक म्हणतात, त्यो मरतो. म्हणू द्या. आमच्या टाकीजात त्यो घरी आला. मी डोळ्यांनी पाह्यलंय."

रंगनाथरावांनी डोळ्याला उपरणं लावलं. म्हणाले, "कुंकू लावा पोरीला."

*

पुरुषमंडळी तारखा बघत बसली. पार्वतीबाई आत चुलीपाशी आल्या. माझ्या शेजारी बसल्या, आवाज बारीक केला.

"विहीणबाई, एक सांगू का? मरतो वो त्यो."

माझ्या हातातली पळी राहिली.

"सोयगावला तंबू आलता. आम्ही बाया गेलतो. घोडा एकटाच आला घरी. मी बघितलं, घरी आले, भाकरी केल्या. ह्यांना काय बोलले नाय. त्यांना वाटतंय ना आला, तर आला." मग दाराबाहेर कमलकडं बघून म्हणाल्या, "तुमची पोर खोटंबी बोलली नाय आन माझ्या माणसाला मोडलंबी नाय. मला हीच पाहिजे."

मी त्यांचे हात धरले.  अठरा वर्षं त्या कापडी दरवाजानं मला काय दिलं, ते मला त्या चुलीपाशी कळलं.

*

लग्न टाकीजच्याच आवारात झालं. मालकांनी दुपारचा खेळ बंद ठेवला. तोवर असं कधी झालं नव्हतं! जनान्यातल्या बाया पुरणपोळ्यांना आल्या. गवयाला वळवणारी आजी आता नव्हती, तिची सून आली आणि तिची काठी कमलच्या दारात ठेवायला म्हणून देऊन गेली. बाबूनं वरातीचा टांगा रंगवला. दोन्ही अंगांना मोर, आणि मागं दत्ताचं चित्र, ही एवढी मिशी! दत्ताला मिशीच नव्हती.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी रिवाजाप्रमाणं मागं उभी. भटजी शेवटच्या ओळीला आले तसे नाना गर्दीतनं ओरडले, "मावशी, ओढा पडदा!" आणि खरं सांगते, सवयीनं माझा हात वर गेला. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या. आणि लग्नात पहिली शिट्टी वाजली ती नानांची!

पाठवणीची वेळ झाली. टांगा दारात. पार्वतीबाई आधी चढल्या आणि कमलला जागा करायला लागल्या. कमल माझ्या गळ्यात पडली, नानांच्या, बाबूच्या पाया पडली. उस्तादांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी वरच्यावर धरलं आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात रंगनाथराव उस्तादांपाशी आले. त्यांचा हात धरून दोन पावलं बाजूला नेलं, माझ्याच पुढ्यात.

"उस्ताद, त्या दिवशी रीळ तुम्ही चढवलं होतं ना?"

उस्तादांनी हात जोडले. "हौ साब. गलती हो गई. माफ करो..."

"माफ? लई उपकार झाले बघा तुमचे. पुढच्याच वर्षी जालन्याला मी परत बघितला त्यो." रंगनाथरावांनी टांग्याकडं एकवार बघितलं आणि आवाज अजून खाली आणला. "पण आमच्या मंडळीला कळू देऊ नका. मीच तिला सांगितलंय, त्यो घरी आला म्हणून. तिला तसंच वाटू द्या."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी पार्वतीबाईंकडं बघितलं.

त्या टांग्यावरनं वाकून हाक मारत होत्या, "आहो, चला की! घोडा एकटाच निघंल!"